एक लिहिणार, एक काढणार: सुपरहिरो कॉमिक्सची जोडी वर्षानुवर्षं टिकवायची तर

पहिला अंक उत्साहावर निघतो. नायक नवा, पोशाख नवा, दोघंही रात्री जागायला तयार. कॉमिक्स बंद पडतं ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या अंकाच्या मधे, आणि ते कल्पना आटल्या म्हणून नव्हे. लेखकाच्या दोन स्क्रिप्ट तयार पडलेल्या असतात, चित्रकाराची अकरा पानं अडलेली असतात, आणि कुणी कुणासाठी किती थांबायचं हे कधी बोललंच गेलेलं नसतं.

लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी ‘फँटॅस्टिक फोर’चे सलग १०२ अंक काढले, १९६१ ते १९७०. लेखक ब्रायन मायकल बेंडिस आणि चित्रकार मार्क बॅगली यांनी ‘अल्टिमेट स्पायडर-मॅन’चे १११, २००० ते २००७. त्यांच्यामागे संपादक होता, इंकर (पेन्सिलीच्या रेघांवर शाई चढवणारा) होता, लेटरर (फुग्यांत अक्षरं भरणारा) होता, ठरल्या तारखेला पानं मागणारी कंपनी होती. नागपुरात नोकरी-कॉलेज सांभाळून कॉमिक्स करणाऱ्या दोघांच्या मागे यातलं काहीच नसतं. संपादकाचं काम दोघांनाच आपसात वाटून घ्यावं लागतं. ते कसं वाटायचं, ते इथे क्रमाने.

आधी पात्रवही

स्क्रिप्टच्याही आधी एक जाड, २०० पानी वही घ्या. प्रत्येक पात्राला चार पानं. उंची सेंटिमीटरमध्ये, समोरून-बाजूने-मागून काढलेलं चित्र, पोशाखातली प्रत्येक शिवण, बोलण्याची ढब, आणि शक्तीची मर्यादा आकड्यात. ‘खूप ताकदवान’ असं लिहू नका. दुसऱ्या अंकात ट्रक उचलणारा नायक नवव्या अंकात लोखंडी दाराशी अडला की वाचक पत्र लिहितो, आणि चूक लेखकाची की चित्रकाराची यावर घरातच वाद सुरू होतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत वापरू. समजा तुमची नायिका सावलीतून शक्ती घेते. जितकी लांब सावली, तितकी लांब उडी. उंची १६० सेंटिमीटर. सूर्य ४५ अंशांवर असेल तेव्हा सावली तिच्या उंचीएवढी, म्हणजे उडी १६० सेंटिमीटरची. तीन मीटरची उडी हवी असेल तर सूर्य २८ अंशांवर हवा. नागपुरात मे अखेरीला हे सकाळी पावणेआठच्या आणि संध्याकाळी पावणेपाचच्या आसपास घडतं. आणि २६ मेच्या सुमारास दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली पायात गडप होते. तेवढा वेळ ती साधी मुलगी असते. १७ जुलैच्या सुमाराला हेच पुन्हा होतं, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि सावलीच नसते, म्हणजे सगळा पावसाळाच तिच्यासाठी अवघड. एका नोंदीतून सहा अंकांचं कथानक निघतं. शिवाय चित्रकाराला प्रत्येक चौकटीत सावली कुठे नि किती काढायची याचा हिशेब मिळतो. यापुढे लेखकाने प्रत्येक प्रसंगाला घड्याळाची वेळ लिहायची, ही अट वहीच्या पहिल्या पानावर.

खलनायकांसाठीही परदेशी कॉमिक्स चाळत बसू नका. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत त्या वर्षीच्या प्रत्येक पीडेचा एकेक बडग्या, म्हणजे तोही पुतळाच. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, रोगराईचा. दरवर्षी नवे, प्रत्येकाचा चेहरा वेगळा, आणि शेवटी जळणारे. न जळलेला बडग्या हा खलनायक नागपूरबाहेर कुणाला सुचणार नाही. मिरवणुकीला दोघांनी मिळून जा. चित्रकाराने स्केचबुक घ्यावं, लेखकाने आरोळ्या टिपाव्यात.

वहीत बदल करायचा तर दोघांची सही आणि तारीख. एकट्याने काही खोडायचं नाही.

स्क्रिप्ट: किती लिहायचं, किती सोडायचं

दोन टोकं आहेत. एकात लेखक प्रत्येक चौकट नि प्रत्येक संवाद आधी लिहून देतो. दुसऱ्यात लेखक गोष्टीचा आराखडा सांगतो, चित्रकार पानं रचून काढतो आणि संवाद नंतर भरले जातात. ली आणि कर्बी दुसऱ्या पद्धतीने काम करत. वेग प्रचंड मिळतो, हाणामारीची पानं जिवंत होतात, पण कथा नेमकी कुणाची हे धूसर होतं. १९६६च्या ४८व्या अंकात सिल्व्हर सर्फर हे पात्र आलं ते कर्बीच्या पानांतून. आराखड्यात ते नव्हतं. कर्बी पानांच्या कडांवर प्रसंग समजावणाऱ्या टिपाही लिहीत. तरी श्रेयाचा वाद दोघांच्या हयातीत मिटला नाही.

नव्या जोडीने पहिले सहा अंक पूर्ण स्क्रिप्टवर करावेत, हे आमचं स्पष्ट मत. त्यानंतर मारामारीची पानं आराखड्यावर सोडा आणि बोलाचालीची पूर्ण लिहा. आराखड्यावर सोडलेल्या पानांवर श्रेय ‘कथा: दोघं’ असं छापा.

पूर्ण स्क्रिप्टमधली एक चौकट अशी दिसते:

पान ७, चौकट २. वेळ: २६ मे, दुपारी १२.०५. झीरो माईल. वालुकाश्माचा खांब आणि घोडे मागे. नायिका डावीकडे, एक गुडघा जमिनीवर, सावली अंगाखालीच. बडग्या उजवीकडे उभा.
बडग्या: पाच मिनिटं राह्यले वं. मंग का करशीन?
नायिका: तेवढे पुरतात मले.

वाचायला ठीक वाटते, पण यात एक चूक आहे आणि ती सगळ्यात जास्त वेळा होणारी आहे. मराठी वाचक डावीकडून उजवीकडे वाचतो. आधी बडग्या बोलतो आणि तो उजवीकडे उभा आहे. संवादाचे फुगे त्यांच्या डोक्यांवर लावले तर वाचक उत्तर आधी वाचेल आणि प्रश्न नंतर. उपाय दोन: जागा बदला, किंवा बडग्याला उंच दाखवून त्याचा फुगा वर आणि तिचा खाली. गुडघ्यावर बसलेली नायिका इथे कामाला येते, कारण तिचं डोकं आपसूक खाली आहे. पण हे चित्रकाराला पेन्सिल टेकवण्याआधी कळायला हवं. म्हणून स्क्रिप्टमध्ये नियम: जो आधी बोलतो तो डावीकडे किंवा वर.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एका चौकटीत तीन क्रिया. ‘दार ढकलून आत येतो, बंदूक उचलतो, मागे वळून बघतो.’ चित्र एकच क्षण धरतं. क्रियापदं मोजा. एका चौकटीत एका माणसाचं एक क्रियापद. पानावर पाच ते सहा चौकटी बऱ्या. मोठ्या दृश्याच्या पानावर तीनच. धक्का द्यायचा असेल तर तो उजव्या पानाच्या शेवटी रोखून धरा आणि पान उलटल्यावर डाव्या पानावर फोडा. आतलं पहिलं पान उजवीकडे येतं, म्हणजे विषम पानं उजवीकडे, सम डावीकडे. ऐनवेळी मधे एक जाहिरात घुसवली की हा सगळा खेळ एका पानाने सरकतो. जाहिराती शेवटी ठेवा.

कागद, माप, शाई

छापील अंक १७ × २५ सेंटिमीटरचा धरला तर मूळ पान दीडपट काढा: २५.५ × ३७.५. चारी बाजूंनी छाटणीसाठी साडेचार मिलिमीटर जादा चित्र, जे छापताना तीन मिलिमीटर होतं. हे सगळं ए-३ आकाराच्या कागदावर नीट बसतं. महत्त्वाचं काही छाटणीच्या रेषेपासून एक सेंटिमीटरच्या आत नको. फुगे तर नकोतच. दीडपट काढलेली ०.१५ मिलिमीटरची रेघ छपाईत ०.१ होते आणि त्याखाली ती तुटू लागते, म्हणून बारीक छायेसाठीही ०.२ची निब पुरे. रेघांचं स्कॅन ६०० डीपीआयला, काळ्या-पांढऱ्यात. घरचा स्कॅनर ए-४ असेल तर एका पानाचे दोन तुकडे स्कॅन करून जोडावे लागतात. चार सेंटिमीटरचा भाग दोन्ही तुकड्यांत येऊ द्या, नाहीतर जोड दिसतो.

नागपूरचा उन्हाळा हा तिसरा भागीदार आहे, त्याचाही विचार करा. पंचेचाळीस अंशांत निबेवरची शाई दोन चौकटींत वाळते आणि रेघ मधेच तुटते. म्हणून कूलर लावला की हवा दमट होते, कागद शोषून घेतो, पान लाटेसारखं उठतं आणि शाई फुटते. कूलरच्या झोतासमोर कधीच बसू नका. एप्रिल ते जूनमध्ये इंकिंग सकाळी सहा ते दहा, दुपारी फक्त थंबनेल (पानाचा छोटा कच्चा आराखडा) आणि स्कॅनिंग. पान ज्या दिवशी पूर्ण होईल त्याच दिवशी स्कॅन करायचं. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या पानांना बुरशी येते.

झीरो माईल, रामझुला, इतवारीच्या गल्ल्या चित्रात आणायच्या असतील तर फोटो स्वतः काढा आणि प्रत्येक फोटोला तारीख-वेळ द्या. आपल्या नायिकेची तर सगळी गोष्टच सावलीवर आहे. झीरो माईल विधानभवनाजवळ आहे. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन असलं की त्या भागात बंदोबस्त लागतो. ते काम आधीच उरकून घ्या.

देवनागरी फुग्यात बसवणं

इथे मराठी कॉमिक्स सर्वांत जास्त फसतं, आणि जोडीतला राग इथेच साठतो. लेखक म्हणतो माझं वाक्य कापलं, चित्रकार म्हणतो माझं चित्र झाकलं.

देवनागरी अक्षराला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतात. इंग्रजी कॉमिक्सकडे बघून ओळींमधलं अंतर ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. छापील आकार ९ ते १० पॉइंट, ओळींचं अंतर निदान १४. म्हणजे तीन ओळींचा मराठी फुगा इंग्रजीतल्या चार ओळींएवढी उंची खातो. त्या हिशेबाने एका फुग्यात १८ शब्द, एका चौकटीत ३०, एका पानावर १२०. याच्या वर गेलात की चित्रं श्वास घेत नाहीत. लेखकाने शब्द मोजूनच स्क्रिप्ट द्यावी. चित्रकाराने प्रत्येक चौकटीचा वरचा पाव भाग मोकळा सोडावा आणि थंबनेलवरच फुग्यांचे गोल काढून दाखवावेत.

इंग्रजीत जोर देण्यासाठी मोठी अक्षरं असतात, आपल्याकडे नाहीत. ठळक अक्षर वापरा, पण फुग्यात एकाच शब्दाला. ‘धाड’, ‘खण्ण’, ‘फट्ट’ हे आवाज फाँटमध्ये टाइप करू नका, चित्रकाराने हाताने काढावेत. आपल्या लिपीला शिरोरेखा आहे. ती वाकवता येते, तडकवता येते, वितळवता येते. भिंत कोसळताना ‘धडाम’ची शिरोरेखा मधून मोडली तर तो आवाज कानात ऐकू येतो.

बोलीबद्दल आधीच ठरवा. ‘का करून राह्यला’ की ‘काय करून राहिला’? ‘मंग’ की ‘मग’? दोन्ही चालतील, पण एका पात्राच्या तोंडी एकच. ही यादी पात्रवहीतच ठेवा. सगळीच पात्रं बोलीत बोलली की कुणाचंच बोलणं वेगळं उठून दिसत नाही; महाल भागातली आजी आणि धरमपेठेतला कॉलेजकुमार एकाच सुरात बोलत नाहीत.

छापखान्यात पाठवताना सगळी अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या चित्ररेघांत, बदला. नाहीतर तिकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, र्‍हस्व वेलांटी भलत्या अक्षरापुढे जाते, आणि हे ५०० प्रती छापून झाल्यावर लक्षात येतं.

बदल कुठपर्यंत मागायचे

थंबनेल पुन्हा काढायला पंधरा मिनिटं लागतात. पेन्सिल झालेलं पान पुन्हा काढायला तीन-चार तास. इंक झालेलं पान म्हणजे अख्खा रविवार. म्हणून: थंबनेलवर हवे तितके बदल. पेन्सिलवर अंकाला मिळून फार तर तीन चौकटी. इंकिंगनंतर फक्त वस्तुस्थितीची चूक, म्हणजे सावली उलटी पडली, डाव्या हातावरची जखम उजव्या हातावर गेली, एवढंच. ‘मला वेगळं दिसत होतं’ हे कारण इंकिंगनंतर चालणार नाही. हाच नियम उलट्या बाजूनेही: लेटरिंग सुरू झाल्यावर लेखकाचा संवाद चित्रकाराने परस्पर बदलायचा नाही. जागा कमी पडली तर फोन करायचा.

मतभेदात शेवटचा शब्द कुणाचा हे पहिल्याच दिवशी ठरवा. काय घडतं, कोण काय बोलतं, यावर लेखकाचा. कुठून दिसतं, कसं दिसतं, यावर चित्रकाराचा. कुणाला मारायचं, कुणाचा मुखवटा काढायचा, यावर दोघांचा होकार हवा. एकाचा नकार पुरेसा.

वर्षाचं गणित

२४ पानी अंक धरा, पानं चारच्या पटीत लागतात. त्यातली २२ कथेची, उरलेली श्रेय आणि पत्रांची. पूर्ण वेळ काम करणारा चित्रकार दिवसाला एक पान पेन्सिल करतो, पण नोकरी करणाऱ्याने ते माप स्वतःला लावू नये. आठवड्याला तीन पानं, पेन्सिल आणि इंक मिळून, हा वर्षभर झेपणारा वेग. २२ पानांना साडेसात आठवडे. रंग आणि लेटरिंग दोन, प्रूफ आणि छपाई दोन. बारा आठवड्यांत अंक, वर्षाला चार.

यात लेखकाने कायम दोन स्क्रिप्ट पुढे असायचं. लेखक एकच स्क्रिप्ट पुढे असेल तर त्याच्या एका तापाने सगळी साखळी थांबते. मार्च अखेर, मुलांच्या परीक्षा आणि दिवाळीचे पंधरा दिवस आधीच कॅलेंडरवर काट मारून ठेवा. सहा अंकांची एक कथा संपली की एक महिना पूर्ण सुट्टी घ्या. ती न घेणाऱ्या जोड्या दहाव्या अंकाला एकमेकांचे फोन टाळू लागतात.

आठवड्यातून एकदा एक तास समोरासमोर बसा. झालेली पानं, पुढची पानं, कॅलेंडर, या क्रमाने. मूळ पानं असतील तर तर्री-पोहे बैठकीनंतर.

पैसा आणि कागदपत्र

सुपरमॅन घडवणाऱ्या जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८मध्ये सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले. बॅटमॅन घडवणाऱ्या बिल फिंगरचं नाव अधिकृत श्रेयात आलं ते २०१५मध्ये. तो १९७४मध्येच वारला होता. या दोन गोष्टी प्रत्येक जोडीने करार टाळावासा वाटेल त्या दिवशी आठवाव्यात.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: पात्राची मालकी आणि अंकाची कमाई. मालकी निम्मी-निम्मी. कमाई कामाच्या तासांवर. २२ पानांना चित्रकाराचे सहज १६० तास जातात, लेखकाचे ४०. समजा ५०० प्रती छापल्या, खर्च ३०,००० रुपये, किंमत १५०. विकल्या ३००: स्टॉलवर १२०, म्हणजे १८,०००, दुकानातून १८०, दुकानदाराचं ३५ टक्के कमिशन वजा जाता १७,५५०. एकूण ३५,५५०. छपाई वजा केली की उरतात ५,५५०. चारास एक या प्रमाणात चित्रकाराला ४,४४० आणि लेखकाला १,११०. हिशेब असाच रुपयापर्यंत वहीत मांडा. पुढे कुणी पात्रावर मालिका किंवा टी-शर्ट मागितला तर तो पैसा मालकीचा, निम्मा-निम्मा.

कॉपीराइट कायदा १९५७चा. कॉमिक्समध्ये शब्द एकाचे आणि चित्रं दुसऱ्याची हे वेगळं ओळखता येतं, त्यामुळे ते आपोआप ‘संयुक्त कृती’ ठरेलच असं धरून चालू नका. लेखी लिहा. कलम १९नुसार हक्क देणं लेखीच लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. करार ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, वकिलाच्या नजरेखालून घालून. त्यात हे हवंच: मालकीचं प्रमाण, कमाईची वाटणी, मुखपृष्ठावर दोघांची नावं एकाच आकारात, बाहेर पडायचं तर तीन महिन्यांची सूचना आणि चालू कथा पूर्ण करणं, एकजण गेल्यावर दुसरा पुढे चालवू शकतो का, चालवली तर गेलेल्याला किती टक्के आणि ‘निर्मिती’मध्ये त्याचं नाव कायम, आणि एकाचा मृत्यू झाला तर वारसांना काय. हे शेवटचं कलम लिहिताना अवघडल्यासारखं होतं. तरी लिहा.

नंतर इंकर किंवा रंग भरणारा जोडीला आला तर त्याला पानामागे ठरलेले पैसे आणि छापील श्रेय. मालकीत वाटा देणार नसाल तर पहिल्या पानाआधी तसं लेखी सांगा.

मूळ पानं चित्रकाराची. कर्बीला स्वतःचीच पानं परत मिळवण्यासाठी १९८०च्या दशकात मार्व्हल कंपनीशी झगडावं लागलं, आणि आली ती काढलेल्यांपैकी थोडीच. म्हणून प्रत्येक पानाच्या मागे पेन्सिलीने अंक, पान, तारीख आणि मालकाचं नाव. पानं आडवी, बटर पेपर मधे घालून, बंद प्लास्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या; डबा जमिनीवर नको, कूलरच्या भिंतीला लागून तर नकोच. स्कॅन दोन हार्ड डिस्कवर, एक लेखकाच्या घरी, एक चित्रकाराच्या. पात्रवहीचीही दर सहा अंकांनी झेरॉक्स काढा आणि मूळ वही त्या वेळी घर बदलू द्या.